मागच्या सीटवरची किरकिर

गाडीतली किरकिर आपण स्वतःच शोधून काढायची, असं जावईबापूंनी ज्या रविवारी ठरवलं, त्या रविवारी त्यांना दुपारी झोप लागली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या दिवशी झोप काही येईना. कूस बदलून बदलून कंटाळा आला, तेव्हा ते उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "आज मी त्या आवाजाचा छडाच लावतो." बायको वर्तमानपत्र वाचत होती. तिने मान वर न करता विचारलं की, आधी मिक्सरचा लावला होता तसाच का? (मिक्सर त्या वेळेपासून माळ्यावर होता.) जावईबापूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण लग्नानंतर ते सासऱ्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना जावईबापूच म्हणू लागली. खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत होतं, आणि तोसुद्धा "जावईबापू, इथं सही करा" असंच म्हणे. नोकरी एका लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत, तक्रार विभागात. फोन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "आधी तुमच्या बाजूला काही दोष आहे का ते तपासून घ्या." दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका गृहस्थांनी लिफ्टमधूनच फोन केला होता, त्यांनाही जावईबापूंनी हेच सांगितलं होतं. एकंदरीत, दोष नेहमी दुसऱ्याच्या बाजूला असतो, यावर त्यांची इतक्या वर्षांच्या नोकरीत श्रद्धाच बसली होती.

गाडी सासऱ्यांची. सासरे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे 'सर'. डोळे अधू झाले तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली. बदल्यात जावयाने रोज संध्याकाळी सासू-सासऱ्यांना तळ्यावर फिरवून आणायचं. पुढे जावईबापू आणि सासरे, मागे सासूबाई आणि बायको, असा तो रोजचा लवाजमा निघे.

त्या गाडीत सासऱ्यांचा जीव होता आणि गाडीतल्या गाण्याच्या यंत्रणेत त्याहून जास्त. ती सगळी त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेली. पुढे टेप, दारांत स्पीकर, मागच्या सीटखाली अँप्लिफायर, आणि शाळेतल्या आकृतीसारख्या सरळ रेषेत गेलेल्या वायरी. एवढा खटाटोप कशासाठी, तर सासूबाईंच्या गाण्यासाठी. तरुणपणी सासूबाई सुरेख गात. घरातल्या घरातच, पण सासऱ्यांनी ते सगळं त्या काळी कॅसेटवर भरून ठेवलं होतं. घरात लावलं की सासूबाई लाजून बंद करायला लावत. गाडीत मात्र त्यांचा इलाज चालत नसे. त्या खिडकीबाहेर बघत बसत आणि सासरे डोळे मिटून ऐकत. जावईबापूंनी ही सगळी गाणी कॅसेटवरून आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती (त्यांच्या हातून झालेलं हे एकमेव निर्विवाद चांगलं काम). फोन एका वायरने टेपला जोडायचा, आणि गाणं मध्येच बंद पडू नये म्हणून चार्जरलाही लावायचा, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. व्यवस्था झाली आणि थोड्याच दिवसांत ती किरकिर सुरू झाली.

किरकिर म्हणजे कशी, तर सासूबाईंच्या सुरावर एक डास येऊन बसल्यासारखी. गाडी सुरू केली की डास गुणगुणू लागे. वेग वाढवला की त्याची पट्टी चढे. सिग्नलला थांबलं की तो खालच्या सुरात कुरकुरत राही.

तर त्या रविवारी जावईबापूंनी दुपारभर फोनवर व्हिडिओ पाहिले आणि संध्याकाळी चहाच्या वेळी खाली जाऊन निदान जाहीर केलं: "अर्थिंग." हा शब्द ते आधीच्या दोन-चार तासांतच शिकले होते, त्यामुळे तो ते फार आवडीने उच्चारत होते. सासऱ्यांनी कप खाली ठेवून विचारलं की, कुणाचं अर्थिंग? जावईबापू म्हणाले की, गाडीतलं, तुम्ही केलेलं. ते कच्चं असलं की असाच आवाज येतो. सासऱ्यांनी कपाचा कान फिरवून सरळ केला. मग म्हणाले, "बघा तुम्ही. आजवर तरी कधी आला नव्हता." आवाज शांत होता, पण उरलेला चहा त्यांनी घेतला नाही. ही गोष्ट बायकोच्या लक्षात आली, जावईबापूंच्या नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या एकाकडून गाडीच्या एका इलेक्ट्रिशियनचा नंबर मिळवला आणि घरी आल्या आल्या जिन्यात उभं राहून त्याला फोन लावला. घरात नको, कारण सासऱ्यांच्या कानावर जायला नको. एवढी काळजी त्यांनी घेतली. जिन्याच्या खालच्या वळणावर सासूबाई वाळलेले कपडे घेऊन वर येत होत्या, हे मात्र त्यांना दिसलं नाही.

सासूबाईंना अर्थातच एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं. ते असं होतं:

"किरकिर हो, किरकिर. गाडी सुरू झाली की सुरू... मागून. मागच्या सीटकडून... वेग वाढवला की जास्तच चढते... छे, सगळं करून पाहिलं, गप्प बसतच नाही... हो, जुनंच आहे. पण सासऱ्यांची फार हौस ना, त्यामुळे त्यांच्यासमोर काही बोलायची सोय नाही... काढून टाकून नवीन आणलं तर? ...तेच म्हणतो मी, पण सासरे तयार होतील असं वाटत नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंना गाडीत मागे बसून सूचना द्यायची सवय होती. पुढे खड्डा आहे, डावीकडून सायकल येतेय, जरा हळू घ्या, त्या बाईंना जाऊ द्या, असं त्यांचं घरापासून तळ्यापर्यंत अखंड चाले. त्यामुळे जिन्यात त्यांनी जे ऐकलं, त्यात त्यांना अंदाज बांधण्यासारखं काही उरलंच नाही. त्या आल्या पावली खाली गेल्या आणि कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. आधी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, असं नंतर बायकोने सांगितलं.

त्या संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा मागून एकही सूचना आली नाही. पहिल्या वळणापर्यंत जावईबापूंना काही जाणवलं नाही. दुसऱ्या वळणावर आज कसं शांत शांत वाटतंय, असं मनात आलं आणि बरं वाटलं. मग गाडी एका खड्ड्यात आदळली. हा खड्डा रोज इथे असतो का, असा त्यांना प्रश्न पडला. पुढे एक सायकलवाला इतका जवळून गेला की त्याने जाता जाता आरशात डोकावून जावईबापूंकडे पाहिलं. तळ्यापाशी येईपर्यंत त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता, आणि त्याचं कारण त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. (कारण असं होतं की, इतके महिने गाडी ते चालवत होते, पण रस्ता सासूबाई बघत होत्या.)

तळ्याच्या वाहनतळाच्या तोंडाशी एक बुटका सिमेंटचा खांब आहे. जावईबापूंनी घाईघाईत गाडी वळवली आणि ती त्या खांबावर नेऊन घातली. मोठा अपघात वगैरे नाही, पण आवाज असा झाला की बाकांवर बसलेली सगळी मंडळी उभी राहिली. दिवा फुटला, बंपर एका बाजूने ओठ लोंबल्यासारखा खाली आला.

सासऱ्यांनी डोळे उघडले. बायकोने "अहो" म्हणून पुढच्या सीटला धरलं. सासूबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. जावईबापूंनी मागे वळून विचारलं की, कुणाला लागलं नाही ना. तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही. खांब दिसला होता मला. पण म्हटलं, किरकिर कशाला करायची."

जावईबापूंना काहीच कळलं नाही. घरी आल्यावर बायकोने खालून सगळी हकिगत काढून आणली आणि वर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही माझ्या आईला काढून टाकून नवीन आणणार आहात, असं कळलं," ती म्हणाली. मग तिने जिन्यातलं एकेक वाक्य त्यांना ऐकवलं. आपलेच शब्द असे दुसऱ्याच्या तोंडून परत येताना ऐकून जावईबापूंच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो खरं, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तीही सोय नसते. खाली पुन्हा सासऱ्यांचंच घर.

शेवटी जेवणाच्या वेळी ते खाली गेले आणि सगळ्यांसमोर एका दमात बोलून मोकळे झाले. मी तुमच्याबद्दल अवाक्षर बोललो नाही, सासूबाई. किरकिर, जुनं, काढून टाकायचं, हे सगळं मी गाडीतल्या त्या टेपबद्दल आणि वायरिंगबद्दल म्हणत होतो. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत सासऱ्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे काढून टाकायचं होतं ते माझं काम," ते म्हणाले.

एका वाक्यात जावईबापूंनी सासूबाईंना सोडवलं होतं आणि सासऱ्यांना अडकवलं होतं. नाही, तसं नव्हे, म्हणजे काम उत्तमच आहे, पण काळाप्रमाणे, असं काहीबाही ते पुटपुटले. बायकोने त्यांच्या पानात न मागता वाढलं, याचा अर्थ आता खा आणि गप्प बसा.

पुढच्या रविवारी सकाळी जावईबापू दूध आणायला उतरले तर गाडीची चारही दारं उघडी. मागची सीट काढून अंगणात ठेवलेली, शेजारी जुनी चादर अंथरून तिच्यावर स्क्रू, पकडी, चिकटपट्ट्या ओळीने मांडलेल्या, आणि गाडीच्या आत कपाळाला विजेरी बांधून सासरे. त्यांनी जावईबापूंना पाहिलं आणि एवढंच म्हणाले की, तुम्ही म्हणता त्या अर्थी काहीतरी असेल, सगळं मुळापासून पुन्हा करून बघू.

दिवसभर ते काम चाललं. सासऱ्यांचे डोळे अधू, त्यामुळे वायर हातात घेऊन ते नाकाजवळ नेत आणि हिरवी की निळी ते जावयाला विचारत. हात थरथरत असल्यामुळे स्क्रू निसटे, मग दोघं मिळून तो सीटखाली हुडकत. जावईबापू विजेरी धरून उभे होते आणि त्यांना फार वाईट वाटत होतं. पण त्यातही, आपलं निदान बरोबर ठरणार या विचाराने आत कुठेतरी थोडं बरंही वाटत होतं. (हे थोडं बरं वाटणं त्यांना नंतर फार महाग पडलं.) येणारे-जाणारे थांबून बघत. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई फाटकाशी येऊन चौकशी करून गेल्या. सासूबाई अधूनमधून चहा आणून ठेवत.

ऊन उतरायला आलं तेव्हा शेवटचा स्क्रू बसला. सासऱ्यांनी रुमालाने हात पुसले, पुढे येऊन बसले आणि मान हलवली. जावईबापूंनी गाडी सुरू केली, नेहमीसारखा फोन जोडला, गाणं लावलं. सासूबाईंचा आवाज निघाला, आणि त्याच्यावर तो डास. होता तसाच, उलट दिवसभर विश्रांती मिळाल्यासारखा ताजातवाना.

सासऱ्यांनी हात लांब करून टेप बंद केला. 

"जावईबापू, मला माफ करा," ते म्हणाले. "तुमचंच खरं होतं. माझं काम कच्चं आहे, आणि आता ते दुरुस्त करण्याइतकं मला दिसतही नाही. काढून टाका हे सगळं. तुम्हाला हवं ते नवीन बसवून घ्या."

आणि ते उतरून घरात निघून गेले. ज्यांनी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, त्यांनी आज स्वतःला नापास केलं होतं. जावईबापूंना गलबलून आलं. त्यांना सासऱ्यांचा होकार हवा होता, पण असा नको होता.

ते एकटेच गाडी सावरायला मागे राहिले. सीट बसवली, दारं लावली. चालकाच्या जागेवर बसून पाय आत घेताना त्यांचा गुडघा चार्जरवर आपटला आणि तो खोबणीतून निसटून खाली पडला. गाडी सुरूच होती. त्यांनी सहज टेप लावला, सासऱ्यांना नको असलं तरी आपण एकदा नीट ऐकावं म्हणून. सासूबाई गात होत्या. आणि दुसरं काहीही ऐकू येत नव्हतं.

जावईबापूंनी चार्जर उचलला. त्यावर लिफ्टचं चित्र होतं. तो त्यांच्याच कंपनीने वर्धापनदिनाला कर्मचाऱ्यांना फुकट वाटला होता. त्यांनी तो खोबणीत घातला. डास आला. काढला. डास गेला. पुन्हा घातला. आला. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे, पण दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचा थोडा थोडा रंग उतरत गेला. फोन एकीकडे टेपला, दुसरीकडे या चार्जरला, आणि दोन्हींच्या मधून ती किरकिर गाण्यात शिरत होती. सासऱ्यांच्या वायरिंगचा काही संबंध नव्हता. दोष जावईबापूंच्या बाजूला होता.

त्यांनी चार्जर खिशात घातला आणि सरळ जाऊन खरं सांगून टाकायचं, असं ठरवून घरात शिरले. सासरे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासूबाई पायाशी बसून होत्या. जावईबापू दारातच थबकले. या माणसाने आपली माफी मागून अर्धा तासही झाला नव्हता. आणि त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"सर, आवाज गेला. आपण शेवटी आवळलं ना, ते अर्थिंग आता बसलं वाटतं."

सासरे उठून बसले. चपलाही न घालता ते बाहेर गेले, गाडीत बसले, गाणं लावलं, आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. आणि मग त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारून सासूबाईंना हाक मारली. सासूबाई आल्या आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी आपलंच गाणं खिडकीबाहेर न बघता ऐकलं. एवढं सुंदर दृश्य बघताना जावईबापूंच्या मांडीला खिशातला चार्जर टोचत होता.

खोटं बोलून सगळं निभावलं असं त्यांना दोन दिवस वाटलं. पण सासरे खुशीत आले की गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. तळ्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून ते अर्थिंगची हकिगत सांगू लागले, आणि ते उमदे गृहस्थ असल्यामुळे प्रत्येकाला हेही सांगत की, माझंच काम कच्चं होतं, पण मला पटत नव्हतं, जावईबापूंनी मात्र पहिल्या दिवशी ओळखलं होतं. मग तो माणूस कौतुकाने जावईबापूंकडे बघे आणि जावईबापू तळ्याकडे बघत. चार्जर नसल्यामुळे त्यांचा फोन रोज वाटेत मान टाकायला टेकलेला असे. चार्जर कुठे गेला असं बायकोने विचारलं, तर ऑफिसात राहिला म्हणाले. एका खोट्याला आता दुसरं खोटं टेकू देऊन उभं होतं.

अशातच डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. त्यांच्याही गाडीत कधीपासून तसाच आवाज येत होता, आणि सरांनी स्वतःच्या गाडीतला घालवला असं त्यांनी ऐकलं होतं. सासऱ्यांना आणखी काय हवं होतं? रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंची गाडी फाटकासमोर उभी राहिली, चादर अंथरली गेली, आणि सासरे मागच्या दारातून आत शिरून सीटखाली दिसेनासे झाले. बाहेर त्यांचे पाय तेवढे उरले. बायको आणि सासूबाई पायरीवर येऊन बसल्या.

जावईबापू विजेरी घेऊन जवळ गेले आणि पुढच्या बाजूला सहज त्यांची नजर गेली. खोबणीत एक चार्जर होता.

आता सासरे परक्या बाईंची चांगली गाडी दिवसभर खोलणार, आवाज जाणार नाही, आणि ते पुन्हा एकदा अशीच माफी मागणार, यावेळी सगळ्या गल्लीसमोर. ते दृश्य डोळ्यांसमोर येताच जावईबापूंनी निर्णय घेतला. डॉक्टरीणबाई घरात चहा आणायला गेल्या आहेत. आपण हळूच चार्जर काढून घ्यावा. आवाज बंद होईल, सरांचा मान राहील, संध्याकाळी कुठेतरी तो परत ठेवून देऊ. ते पुढच्या दारातून आत वाकले, चार्जर उपसला आणि खिशात घातला. मागे सरकताना त्यांचं डोकं छताला आपटलं. वळून बघतात तो डॉक्टरीणबाई हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

"जावईबापू," त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या, "चार्जर हवा होता तर मागायचा की हो. मी दिला असता."

पायरीवरून बायको उभी राहिली. सासूबाईंनी पदर तोंडावर धरला. जावईबापूंनी खिशातून चार्जर काढला, तर त्याच्याबरोबर वायरीत गुंतलेला दुसराही बाहेर आला, लिफ्टचं चित्र असलेला. (तो घरात कुठे ठेवला तर सापडेल, या भीतीने ते तो कायम अंगावर बाळगत.) दोन्ही हातांत दोन चार्जर घेऊन भररस्त्यात उभ्या असलेल्या माणसाजवळ खरं बोलण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, डास, अर्थिंग, खोटं, सगळं. ज्यांना सांगायचं ते सासरे सीटखाली असल्यामुळे हा सगळा कबुलीजबाब त्यांना सासऱ्यांच्या पायांना द्यावा लागला. मध्येच केव्हातरी ते पाय हलायचे थांबले.

मग सीटखालून आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, गाडी सुरू करा. चार्जर आता जावईबापूंकडे आहे ना? मग ऐकू या."

डॉक्टरीणबाईंनी गाडी सुरू केली, गाणं लावलं. डास होता. चार्जर नसतानाही होता. तो चार्जर बिचारा निर्दोष होता, आणि तो चोरायचंही काही कारण नव्हतं आणि कबुली द्यायचंही.

"पाना द्या," सीटखालून पुन्हा आवाज आला. जावईबापूंनी धावत जाऊन पाना दिला. थोडी खरखर झाली, काहीतरी आवळल्याचा आवाज आला, आणि डास गेला. सासरे उलटे उलटे सरकत बाहेर आले. त्यांच्या तळहातावर एक गंजलेला स्क्रू होता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की, मागे दुरुस्तीला दिली तेव्हा कुणीतरी अर्थिंगची तार या गंजलेल्या स्क्रूखाली तशीच अडकवून दिली होती. मग चार्जरही लावून बघायला सांगितला. आवाज नाही.

एवढं झाल्यावर ते जावयाकडे वळले. जावईबापूंना वाटलं, आता जे काय असेल ते मुकाट्याने ऐकून घ्यायचं. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना. ते मनाशी काहीतरी गणित मांडत असावेत.

"म्हणजे माझं काम आधीपासून पक्कं होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि इतके दिवस मी तळ्यावर प्रत्येकाला सांगत हिंडलो की ते कच्चं होतं."

"हो, सर."

सासऱ्यांनी कपाळावरची विजेरी सोडली. "मग आज लवकर निघू या," ते म्हणाले. "सगळ्यांना पुन्हा गाठावं लागेल."

त्या संध्याकाळी जावईबापूंनी सासऱ्यांना घेऊन तळ्याला पूर्ण वळसा घातला. दर बाकापाशी सासरे थांबले, आपल्या आधीच्या हकिगतीत एक दुरुस्ती आहे असं म्हणाले, आणि शाळेत शिकवत तसं सावकाश, एकही पायरी न गाळता, चार्जरची गोष्ट सांगितली. खरं-खोटं विचारून घ्यायला जावई शेजारी उभा होताच. दर बाकावरच्या माणसांनी गोष्ट संपल्यावर वर बघितलं आणि दर वेळी जावईबापूंनी मान डोलावली. सासूबाई मागून चालत होत्या. शेवटच्या बाकापाशी त्यांना हसू आवरेना तेव्हा त्या पाठमोऱ्या झाल्या, पण खांदे हलताना दिसत होते. बायकोने घरी आल्यावर एवढंच विचारलं की, खरं जर सांगायचंच होतं तर ते हातात दोन चार्जर यायच्या आधी सुचलं नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना जावईबापूंना समोर डॉक्टरीणबाई दिसल्या. त्या गाडी पुसत होत्या. झालं गेलं मोकळेपणाने बोलून संपवावं म्हणून ते रस्ता ओलांडून गेले आणि आवाज आता कसा आहे, असं विचारलं. डॉक्टरीणबाई गोड हसल्या. सरांचे हात सोन्याचे आहेत म्हणाल्या, सासूबाईंची चौकशी केली, कधी दाढ दुखली तर निःसंकोच या म्हणाल्या, आणि बोलता बोलता गाडीच्या चारही काचा वर करून घेतल्या.